शिडांचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुना समुद्र आहे.

दचकू नका. माझ्यात खारे पाणी नाही, मासे नाहीत, माझ्या काठी कोणी कधी शिंपले वेचले नाहीत. मी कापडाचा समुद्र आहे, नाटकातला. नाटकात बोलायचे काम माणसांचे आणि हलायचे काम माझे. त्यामुळे बोलायची मला सवय नाही. माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, हेही मला नीट ठरवता आलेले नाही. पण ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसे स्वतःहून काही सांगणारी नाहीत. म्हणून मीच सांगतो.

समुद्र होण्याआधी मी चार शिडे होतो. वसईच्या किल्ल्याजवळ पाचूबंदर नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या होड्यांवर मी वारा खात होतो. मग होड्यांना इंजिने बसली. शिडांची घडी घालून ती घराच्या माळ्यावर गेली. माझी चारही शिडे रामू तांडेलाच्या माळ्यावर पडून होती. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. रामूदादाचे केस तेव्हा पिकू लागले होते आणि होडीवर मुलगा जाऊ लागला होता. माळ्यावर आम्ही आणि खाली ओटीवर रामूदादा, दोघेही सारखेच रिकामे.

एकोणीसशे पंचाण्णव साली आमच्याकडे फेबियन सर आले. ते भुईगावचे. शाळेत इतिहास शिकवत आणि उरलेल्या वेळात केळीच्या बागेत वाचत बसत. उंच, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे पाहणारे. रिक्षावाल्याने सुटे पैसे परत दिले नाहीत तर मागायला त्यांची जीभ उचलत नसे. पण हेच सर रंगमंचावर उभे राहिले की त्यांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही जागा करी. हे कसे होत असे, ते त्यांचे त्यांनाही माहीत नव्हते.

माणिकपूरच्या एका हौशी नाट्यमंडळात ते काम करत. मंडळाचा सगळा कारभार परेश पाही. परेश मूळचा कोकणातला, बँकेत नोकरीला, माणिकपूरला नव्या फ्लॅटमध्ये राहणारा. नाटके तोच लिही आणि तोच बसवी. त्या वर्षीच्या नाटकात त्याला समुद्र हवा होता. समुद्र म्हणजे एक लांब कापड. दोन्ही टोकांना माणसे धरून ते हलवायचे, आणि मागून पुठ्ठ्याचे गलबत न्यायचे. सरांनी पाचूबंदरला जाऊन एखादे जुने हलके कापड मागून आणावे, एवढेच ठरले होते.

सरांनी एक मागितले. रामूदादाने माळ्यावरून चारही शिडे खाली फेकली.

"एवढी कशाला, रामूदादा?" सर म्हणाले.

"मास्तर, समुद्र काय रुमालायेवढा असतो? न्या. हितं उंदीर खातात."

नको म्हणणे सरांना कधी जमले नव्हते. ते चारही शिडे घेऊन भुईगावला आले. त्यांच्या पत्नीने, ग्रेसीबाईने, अंगणात शिडे पसरली आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला कोणी हत्ती दिला असता तर तोही घेऊन आला असता."

"अगं, त्यांनी इतक्या प्रेमाने दिली."

"हत्तीसुद्धा प्रेमानेच देतात."

असे म्हणत तिने शिवणयंत्राला जाड सुई लावली. चार दिवस ती मला शिवत होती. लग्नाच्या जेवणाचा मोठा टोप मागून आणून तिने मला नीळ चढवली. पण शिडांचा मूळ रंग तांबूस. त्यावर नीळ बसली ती गढूळ हिरवी होऊन. परेशचा चेहरा पडला. "समुद्र निळा असतो हो, ग्रेसीबाई," तो म्हणाला. ग्रेसीबाईने त्याला भुईगावच्या किनाऱ्यावर जाऊन एकदा बघून यायला सांगितले. तो गेला की नाही मला ठाऊक नाही. मी मात्र तसाच राहिलो.

खरी पंचाईत पुढे झाली. शाळेच्या सभागृहात तालमीला मला पसरले. एका टोकाला आत्माराम आणि त्याचे सोबती, दुसऱ्या टोकाला परेशच्या कॉलनीतले दोघे-तिघे. आत्माराम वीज खात्यातून निवृत्त झालेला, नाटकात कारभाऱ्याची भूमिका करणारा. परेशने टाळी वाजवली. सगळ्यांनी जोर लावला. माझ्या अंगावरून कशीबशी एक लाट गेली आणि मध्येच बसली. आत्माराम खांदा धरून खाली बसला.

"हा समुद्र नाही," तो म्हणाला, "हे नांगरलेलं शेत आहे."

मी फार जड होतो, मित्रांनो. फेबियन सर भिंतीकडे पाहत उभे राहिले. चूक त्यांची होती आणि ते कोणी बोलून दाखवत नव्हते, हे त्यांना जास्त लागत होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाचूबंदरला गेले. येताना त्यांच्याबरोबर रामूदादा आणि त्याच्या ओळखीचे सात जण आले. कोणी होडीवरून उतरलेले, कोणी जाळी विणणारे, एक बर्फाच्या गाडीवर काम करणारा. चौघांनी एक टोक धरले, चौघांनी दुसरे. रामूदादाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटले आणि मी उठलो.

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळले की मी समुद्र आहे.

आता नाटकाविषयी थोडे सांगायला हवे. तो इतिहास नव्हता, परेशने रचलेली गोष्ट होती. रायाजी नावाचा एक सरदार आरमार घेऊन मोहिमेवर जातो. पहिल्या अंकात निघतो, दुसऱ्या अंकात समुद्रातून परत येतो. तिसऱ्या अंकात त्याला दरबारी बोलावणे येते. कारभारी म्हणतो, मोहीम संपली, पावसाळा तोंडावर आला, आता या शिपायांना कामावर ठेवून काय करायचे? त्यांना निरोप द्या. रायाजी नकार देतो, आणि तिसरा अंक सगळा त्या नकाराचा आहे. रायाजी अर्थातच फेबियन सर.

दुसरा अंक माझा असे. आठही जण मला हलवत. गलबत काठाला लागले की मला खाली ठेवून ते भाले उचलत, आणि पुठ्ठ्याच्या गलबतामागून शिपाई होऊन बाहेर पडत. जे आताच समुद्र होते, तेच किनाऱ्यावर उतरत. लोक हमखास टाळ्या देत. मग अंधार होई. अंधारातच ते माझी घडी घालत आणि मला विंगेत ठेवत.

तिसऱ्या अंकात त्यांना काही काम नव्हते. घरी गेले असते तरी चालले असते. पण पहिल्याच प्रयोगाला रामूदादाने त्यांना अडवले होते. "खेळ चालू हाय तंवर आपन शिपाय," तो म्हणाला. त्यामुळे सगळे माझ्या घडीवर टेकून बसत आणि विंगेतून दरबार पाहत. त्या दरबारात एक जागा अशी होती, की कारभारी ओरडून विचारी, "कुठे आहेत तुमचे ते शिपाई?" आणि रायाजी विंगेकडे हात करून म्हणे, "बाहेर उभे आहेत. बोलावलंत तर येतील."

तो हात आमच्या दिशेने आला की आठही जण उठून ताठ उभे राहत. भाले सरळ, छाती पुढे. प्रेक्षकांतल्या कोणालाही ते दिसत नव्हते. परेशने तसे सांगितलेही नव्हते. एकदा रामूदादाच्या बायकोने, जयवंतीवहिनीने, विंगेत डबा घेऊन येऊन हे पाहिले.

"कोन बघतंय तुमाला?" ती कुजबुजली.

"मास्तर खोटा नको पडाया," रामूदादा पुढे पाहतच म्हणाला.

त्यानंतर रायाजीचे ते बोलणे येई. फेबियन सर आवाज न चढवता बोलत, आणि तरी सगळे मैदान गप्प होई. "पावसाळ्यात आपण होड्या किनाऱ्यावर ओढून घेतो, कारभारी. झावळ्यांनी शाकारतो. चार महिने त्यांचा उपयोग नाही, म्हणून त्या फोडून चुलीत घालत नाही. होडीला जे देतो, ते माणसाला द्यायला आपला हात का आखडतो?"

दोन हिवाळे आम्ही गावोगाव प्रयोग केले. भुईगाव, माणिकपूर, नंदाखाल, निर्मळ. लोक माझे कौतुक करत. मुले प्रयोगाआधी पडद्याखालून हात घालून मला चाचपून बघत. आयुष्यात मला आणखी काही नको होते.

मग सत्त्याण्णव साली ठाण्याच्या एका नाट्यमहोत्सवात आमचे नाटक निवडले गेले. सगळ्यांना आनंद झाला; बातमी तारखेसकट पाचूबंदरलाही पोचली. परेशने पेढे वाटले. आणि महिन्याभराने तालमीला तो नियमांचा कागद घेऊन आला. मंचावर आणि विंगेत मिळून ठरावीकच माणसे चालतील, असे त्यात होते. शिवाय मंच लहान होता. परेशने मुंबईहून झिरझिरीत नायलॉनचे निळे कापड आणले होते. दोघांनी ते धरले आणि नुसती बोटे हलवली. सभागृहभर लाटा उठल्या. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्या खऱ्या पाण्यासारख्या चमकल्या.

खोटे कशाला बोलू, ते कापड माझ्यापेक्षा चांगले होते.

"शिपाई एखाददुसरा आपल्यातलाच उभा करू," परेश म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. हे म्हणताना त्याने दोनदा चष्मा पुसला. "फेबियन सर, पाचूबंदरला तुमची ओळख आहे. तुम्हीच त्यांना सांगा. शिडंही त्यांची त्यांना परत देऊन टाका. पेढे न्या बरोबर."

सर हो म्हणाले. नाही म्हणणे त्यांना येतच नव्हते.

मला रिक्षात घातले. माझी घडी इतकी मोठी की सर एका कोपऱ्यात चेपून बसले होते. सबंध रस्ताभर ते पुटपुटत होते. "रामूदादा, एक सांगायचं होतं. असं आहे की महोत्सवाचे काही नियम असतात." मग थांबून, "नको. रामूदादा, तुम्ही रागावणार नाही, पण." किल्ल्याच्या वळणावर रिक्षावाला आरशात पाहून म्हणाला, "सर, मला काही म्हणालात का?"

"नाही, नाही," सर म्हणाले.

पाचूबंदरला लिलाव संपून गेला होता. बायका रिकाम्या टोपल्या धुवत होत्या. रामूदादा ओटीवर बसला होता. सरांना पाहताच त्याने गल्लीत हाक दिली आणि एकेक करून सातही जण गोळा झाले. सर त्यांच्याकडे पाहतच राहिले. आठही जणांनी मिशा वाढवल्या होत्या. जाड, वळवलेल्या, टोकाला तेल लावलेल्या. बर्फाच्या गाडीवरच्याची नीट उगवत नव्हती, तरी त्याने ठेवली होती.

"दर खेपेला चिकटवायच्या, आनि घामानं गळून पडायच्या," रामूदादा म्हणाला. "म्हनलं, ठान्याला जायाचं, तर खऱ्याच हव्यात."

आतून जयवंतीवहिनी म्हणाली, "मास्तर, यांना सांगा कायतरी. मासे निवडाया सांगितलं तर म्हनतात, शिपाय मासे निवडत नसतो. घरात नवरा ऱ्हायला नाय माझ्या. आरमार उतरलंय नुसतं."

सगळे हसले. सरही हसले. मग ते म्हणाले, "रामूदादा, एक सांगायचं होतं."

"बोला की."

सरांनी खांद्यांकडे पाहिले. एकेका खांद्याकडे. मी त्यांच्या पायाशी पडलो होतो. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"नाटक निवडलं गेलं. त्याचे हे पेढे."

"आनि समुद्र कशापायी आनलात?"

"असू दे तुमच्याकडे," सर म्हणाले, आणि त्याच रिक्षातून परत गेले.

यात खोटे एकही वाक्य नव्हते. पण सांगायचे ते राहिले. त्यांनी परेशलाही काही सांगितले नाही. परेशने विचारले, "जाऊन आलात?" तर म्हणाले, "जाऊन आलो." त्यांना वाटत असावे, एखाद्या दिवशी धीर होईल. मी रामूदादाच्या ओटीवर होतो आणि मला सगळे ठाऊक होते. पण माझे काम हलायचे, बोलायचे नाही. इकडे आठ जणांना वाटले, समुद्र डागडुजीला दिला आहे. त्यांनी मला उलगडून तपासले. जिथे माझी शिवण उसवली होती तिथे जाळ्याच्या सुईने मला टाके घातले. माझ्या अंगावर ते टाके अजून आहेत.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी माणिकपूरला रिक्षास्टँडजवळ मंडळाची बस उभी होती. पुठ्ठ्याचे गलबत टपावर बांधून झाले होते. इतक्यात मासळीचा टेम्पो येऊन थांबला. त्यातून आधी मी उतरलो, खांद्यांवरून. मग धुतलेले अंगरखे घातलेले आठ शिपाई उतरले.

"शिपाई आले," आत्माराम बसच्या खिडकीतून म्हणाला. "वास आधीच आला होता."

परेश मात्र हसला नाही. तो सरांना बाजूला घेऊन जाऊ लागला. पण सर बाजूला गेलेच नाहीत. ते माझ्याजवळच उभे राहिले. त्यामुळे जे बोलणे झाले ते सगळ्यांनी ऐकले.

"सर, मी तुम्हाला त्यांना सांगायला पाठवलं होतं."

"पाठवलं होतंस. गेलो होतो."

"मग?"

"त्यांनी मिशा ठेवल्या होत्या," सर म्हणाले.

"मिशा ठेवल्या म्हणून नियम बदलतो का, सर?"

"नाही. नियम बदलत नाही."

"मग आता मी काय करू? यांना मंचावर नेलं तर आपल्याला बाद करतील. सगळ्यांची मेहनत वाया जाईल. तुमची धरून."

सरांनी मान हलवली. परेशचे बोलणे बरोबर होते; तेच तर कठीण होते. सरांच्या हातात रायाजीच्या पागोट्याची पेटी होती. त्यांनी ती परेशच्या हातात दिली.

"परेश, तिसऱ्या अंकातलं माझं बोलणं तू लिहिलं आहेस. फार चांगलं लिहिलं आहेस. पण यांना इथे स्टँडवर सोडून मला ते तिथे बोलता येणार नाही. तोंडच उघडणार नाही माझं. आत्मारामला सगळं नाटक पाठ आहे. तो रायाजी करील, कारभाऱ्याचं तू कर. रागाने म्हणत नाही मी. बसमध्ये त्याच्या शेजारी बसून तालीम घेईन."

इतके लांब बोलणे सरांनी मंचाखाली कधी केले नव्हते. आणि बोलताना ते खांद्याकडे पाहत नव्हते. परेशच्या डोळ्यांकडे पाहत होते. परेश पेटी हातात धरून उभा होता. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हते.

पहिल्यांदा रामूदादा हलला. त्याने माझी घडी खांद्यावरून खाली ठेवली.

"मास्तर, तुमी त्या दिवशी हेच सांगाया आल्तात?"

"हो."

"मग सांगायचं व्हतं."

"जमलं नाही, रामूदादा."

रामूदादाने मिशीवरून हात फिरवला. त्याला वाईट वाटले होते. कापडाला वाऱ्याचा बदल कळतो, तसे मला ते कळले. तो आपल्या सात जणांकडे वळून म्हणाला, "शिपाय नको, तर नको. पन कपडे धुवून आलोय, तर खेळ बघूनच जाऊ." मग परेशला म्हणाला, "बघाया बी नियम हाय काय?"

"नाही," परेश म्हणाला. त्याने पेटी सरांच्या हातात परत दिली. "प्रेक्षकांना नियम नाही. बसा गाडीत. सगळे बसा."

"आनि ह्यो समुद्र?"

"तोही घ्या," परेश म्हणाला.

असा मी ठाण्याला गेलो. पण मंचावर नाही. मधल्या एका रांगेत आठही जण अंगरखे घालून बसले आणि मला त्यांनी मांड्यांवर आडवे पसरून घेतले, बायका लांबच्या प्रवासात गोधडी घेतात तसे. शेजारचे लोक नाकाला रुमाल लावून आमच्याकडे बघत होते.

दुसरा अंक सुरू झाला, आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसून नाटकातला समुद्र पाहिला. तोपर्यंत मी स्वतःच समुद्र होतो, त्यामुळे समोरून तो कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हते. निळा, हलका, दिव्यांत चमचमणारा. गलबत त्यावरून आले. माझ्यावर ठेवलेले सोळा हात नकळत माझी किनार घट्ट धरून उचलत आणि सोडत होते. मंचावर दोघे हलवत होते आणि अंधारात हे आठ जण. गलबत काठाला लागले. एकच शिपाई उतरला. टाळ्या पडल्या, बेताच्या.

तिसरा अंक आला. दरबार. आत्माराम पुढे झाला आणि त्याने नेहमीसारखे ओरडून विचारले, "कुठे आहेत तुमचे ते शिपाई?"

सवयीने सरांचा हात विंगेकडे गेला. विंगेत कोणी नव्हते. एक नायलॉनचे बोचके तेवढे होते. हात तिथेच थांबला. सर बोलेनात. आत्मारामने डोळे मोठे केले. विंगेत परेशने भिंतीला डोके टेकले असेल, असे मला वाटते.

आणि आमच्या रांगेत रामूदादा उठून उभा राहिला. त्यामागोमाग सातही जण उठले. त्यांनी काही ठरवले नव्हते. कारभाऱ्याने विचारले, की उभे राहायचे, एवढेच त्यांना माहीत होते. दोन हिवाळे ते तेच करत आले होते. मी त्यांच्या मांड्यांवरून घसरून पायांशी पडलो, नेहमीच्या माझ्या जागी. छाती पुढे, हात भाला धरल्यासारखे, मिशा वर. मागच्या रांगेतून कोणीतरी "बसा हो खाली" म्हणाले. मग सगळे सभागृह मागेपुढे वळून पाहू लागले.

सरांनी त्यांना पाहिले. त्यांचा थांबलेला हात हळूहळू विंगेकडून वळला आणि आमच्याकडे आला.

"उभे आहेत," ते म्हणाले. "न बोलावताही उभे आहेत."

हे वाक्य नाटकात नव्हते. त्यापुढचे होड्यांचे बोलणे मात्र जसे लिहिले होते तसेच ते बोलले. पण त्या दिवशी ते कारभाऱ्याकडे पाहून बोलले नाहीत. आमच्याकडे पाहून बोलले. बोलणे संपेपर्यंत रामूदादा बसला नाही, आणि रामूदादा बसला नाही म्हणून बाकीचेही बसले नाहीत.

आम्हाला बक्षीस मिळाले असेल, असे तुम्हाला वाटेल. नाटकाला काही मिळाले नाही. परीक्षकांपैकी एकाने परेशला विचारले की प्रेक्षकांत माणसे उभी करण्याचा हा प्रयोग कशासाठी. परेशने सांगितले, तो प्रयोग नव्हता. परीक्षकांना ते पटले नसावे. नेपथ्याला मात्र प्रशस्तिपत्र मिळाले. त्या निळ्या समुद्रासाठी. मला हेवा वाटला नाही असे म्हणणार नाही, पण ते त्याचे होते.

येताना परेश रामूदादाच्या शेजारी जाऊन बसला.

"पुढच्या नाटकात काय कराल, रामूदादा?"

"काय बी करू. उभं ऱ्हायाचं आसल तर उत्तमच."

परेशने ते लक्षात ठेवले. त्यानंतर त्याने जे नाटक लिहिले, त्यात कुठे ना कुठे आठ माणसे उभी असतच. एक नाटक बँकेतले होते. त्यात आठ जण रांगेत उभे. एक इस्पितळातले होते. त्यात आठ नातेवाईक. आत्माराम म्हणे, "परेशचं नाटक म्हणजे गोष्ट कुठलीही असो, गर्दी पाचूबंदरचीच." मिशा त्यांनी तशाच ठेवल्या. इस्पितळात सगळ्या नातेवाइकांना सारख्याच मिशा कशा, हे कोणी विचारले नाही.

मला मात्र पुन्हा समुद्र व्हायचा योग आला नाही. ठाण्याहून आल्यावर मी नाटकाच्या सामानाबरोबर सरांच्या शाळेच्या माळ्यावर राहिलो. दोन हजार चार-पाचपर्यंत मंडळही थंडावले. कोणी बदलून गेले, कोणी मोठा फ्लॅट घेऊन विरारला गेले, कोणाला वेळ उरला नाही. माळ्यावर माझ्यावर वर्गातले तुटके फळे आणि फाटके नकाशे येऊन पडले. उंदरांनी माझी एक किनार खाल्ली. शाळेची रंगरंगोटी निघाली तेव्हा मला भंगारात द्यायचे ठरले.

फेबियन सर तेव्हा निवृत्त झाले होते. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, माझ्यासाठी. आत काय झाले ते मला दिसले नाही. पण सर बाहेर आले आणि म्हणाले, "मी मागितलं, तर त्यांनी देऊन टाकलं." त्यांना याचे फार आश्चर्य वाटले होते.

पुन्हा आम्ही रिक्षाने पाचूबंदरला गेलो. या खेपेला सर वाटेत पुटपुटत नव्हते. ज्येष्ठ लागला होता. होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या होत्या. रामूदादा आता फारसा हिंडत नव्हता. त्याची होडीही म्हातारी झाली होती. मुलाने नवी घेतली होती आणि जुनीला गिऱ्हाईक मिळत नव्हते. फोडून टाक, असे त्याला दोघातिघांनी सांगितले होते.

"ही शाकारायला काही आणलं आहे," सर म्हणाले.

त्यांनी मला होडीवर पसरले. रामूदादा काठी टेकत उभा राहून कुठली गाठ कुठे मारायची ते सांगत होता. जयवंतीवहिनी दारातून म्हणाली, "बघा, तांडेल काठीवर आला तरी अजून हुकूम सोडतोय." सर वाकून दोर आवळत होते. बर्फाच्या गाडीवरचा तो, आता त्याचेही केस पिकले आहेत, दुसरे टोक ओढत होता. मी पुरलो. चार शिडांचा समुद्र एका होडीला पुरून थोडा उरलाच.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी इथे असतो.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही, आणि करावा इतकी माझी योग्यताही नाही. पण एक मागतो. तुमच्या घरी, शाळेत, गल्लीत ज्याचे काम झाले आहे असे कोणी असेल. ती वस्तू असेल, जनावर असेल, माणूस असेल. आता तुझी गरज नाही, हे त्याला सांगायला जाल, तेव्हा आधी थोडा वेळ त्याच्याकडे बघा. तुमच्यासाठी त्याने काय तयार करून ठेवले आहे, तेवढे बघा. मग जे सांगायचे ते सांगा, आणि धीराने सांगा. कदाचित तुमचेच सांगणे बदलेल.

वरून पाऊस पडतो आहे. माझा रंग जाऊन मी पुन्हा पूर्वीसारखा तांबूस झालो आहे. माझ्याखाली एक होडी कोरडी आहे. समुद्रांत असे काम मिळालेला मी एकटाच असेन.